हिवाळ्यातील निळी वेल : उज्जैनच्या बागेत बहुवर्षायू मॉर्निंग ग्लोरीचे जतन

दरवर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या सुमारास समाजातील दोन-चार घरांतून आम्हाला एकच प्रश्न विचारला जातो : "कुंपणावरची निळी वेल काळी पडली आहे, काढून टाकू का?" आमचे उत्तरही ठरलेले आहे. गुढीपाडव्यापर्यंत तिला उपटू नका. उज्जैनच्या थंडीत या वेलीची पाने जातात, कोवळे शेंडे जातात, एखाद्या वर्षी जमिनीवरचा बहुतेक भाग वाळतो. मूळ मात्र बहुधा जिवंत असते आणि चैत्रात पुन्हा फुटते.

हे आम्ही अनुभवाने शिकलो आहोत. नव्या वसाहतीत राहायला आलो त्या पहिल्याच हिवाळ्यात तीन रात्री कडाक्याची थंडी पडली. चौथ्या दिवशी वेलीची पाने उकडलेल्या पालकासारखी काळपट होऊन लोंबत होती. आम्ही दोघांनी सकाळभर खपून ती मुळासकट काढली. खाली जाड, ओलसर, आतून पांढरीशुभ्र मुळे निघाली. शेजारच्या काकू फाटकाशी उभ्या राहून पाहत होत्या. म्हणाल्या, "अहो, झोपलेल्याला अंथरुणातून ओढून बाहेर काढलंत की!" त्यांची स्वतःची वेल तशीच काळी पडून भिंतीवर उभी होती. पाडव्याला तिच्या बुडाशी पाच कोंब आले होते. पुढे त्यांनीच दिलेल्या फाट्यांवरून आमची वेल पुन्हा उभी राहिली.

हा लेख त्या चुकीतून आणि नंतरच्या हिवाळ्यांतून जमलेली माहिती एके ठिकाणी मिळावी म्हणून लिहिला आहे.

आधी वेल ओळखा : बहुवर्षायू की हंगामी

मॉर्निंग ग्लोरी हे एका वेलीचे नाव नाही. कॉन्व्हॉल्व्ह्युलेसी या कुळातील, बहुतेक आयपोमिया प्रजातीच्या, नरसाळ्यासारखी फुले येणाऱ्या पुष्कळ वेलींना ते लावतात. आपले उपासाचे रताळेही याच आयपोमिया प्रजातीतले. हिवाळ्यात काय करायचे हे वेल कोणती यावर अवलंबून आहे, म्हणून ओळख पहिली.

हिवाळ्यातून पुढे जाणाऱ्या, म्हणजे बहुवर्षायू वेली :

निळी मॉर्निंग ग्लोरी (आयपोमिया इंडिका). नर्सरीत हिला ब्लू डॉन म्हणतात. पाने हृदयाकृती किंवा तीन खंडांची, हाताला मऊ लवदार लागणारी. फुले गुच्छाने येतात. पहाटे गडद निळी-जांभळी असतात आणि दुपारपर्यंत गुलाबीकडे झुकून मिटतात. ही वेल बागेत सहसा बी धरत नाही. एका वेलीचे पराग तिच्याच फुलांना चालत नाहीत आणि आजूबाजूच्या वेली बहुधा एकाच वेलीच्या फाट्यांवरून वाढलेल्या असतात.

गारवेल किंवा रेल्वे क्रीपर (आयपोमिया कैरिका). रुळांच्या कडेच्या कुंपणांवर दिसणारी. पान पंजासारखे पाच भागांत कापलेले, फूल फिकट जांभळे आणि मधोमध गडद. मूळ जाड, वेल चिवट.

लाल मॉर्निंग ग्लोरी (आयपोमिया हॉर्सफॉलिये). चकचकीत पंजाकार पाने आणि मेणासारखी दिसणारी किरमिजी फुले. हिचा बहर नेमका हिवाळ्यात येतो, म्हणून हिचे वेळापत्रक वेगळे आहे. ते पुढे दिले आहे.

जॅकमाँशिया. आयपोमिया नव्हे, पण त्याच कुळातली. लहान आकाशी फुलांचे झुपके येतात, तेही थंडीच्या दिवसांत.

समुद्रशोक (आर्जिरिया नर्वोसा). हिंदीत विधारा. ही मूळची भारतातलीच. पाने मोठी, खालच्या बाजूने रुपेरी लव असलेली. खोड पुढे लाकडासारखे होते. जुन्या वेलीला आपली थंडी फारशी बाधत नाही.

मूनफ्लॉवर (आयपोमिया अल्बा). संध्याकाळी उमलणारी, पांढरी, सुगंधी. उबदार प्रदेशात बहुवर्षायू, थंडीला मात्र नाजूक.

एका हंगामात आयुष्य संपवणाऱ्या वेली :

नाजूक पिसासारख्या पानांची आणि लाल ताऱ्यांसारख्या फुलांची गणेशवेल, जिच्या बियांना काळादाणा म्हणतात ती निळी वेल (आयपोमिया निल), आणि पाकिटातल्या बियांवरून लावलेल्या बहुतेक विलायती जाती. 'हेवनली ब्लू' ही प्रसिद्ध जातही सगळीकडे हंगामी म्हणूनच लावतात. या वेली डिसेंबरपर्यंत भरपूर बी धरून वाळतात. त्यांना पांघरूण घालून उपयोग नाही. बिया गोळा करून कागदी पुडीत ठेवाव्यात आणि पावसाळ्याच्या तोंडावर पेराव्यात. बीचे कवच कठीण असते, म्हणून पेरण्यापूर्वी रात्रभर कोमट पाण्यात भिजवावे.

शंका असेल तर वेलीचे बूड पाहावे. हंगामी वेलीचे बूड पेन्सिलीएवढे बारीक आणि वाळल्यावर पोकळ असते, अंगावर बियांची बोंडे भरलेली असतात. बहुवर्षायू वेलीचे बूड लाकडासारखे जाड होते. निळ्या वेलीचे जमिनीवर टेकलेले फाटे पेरांपाशी मुळेही धरतात.

एक नेहमीचा घोटाळा. हिंदी भाषक शेजारी जिला अपराजिता म्हणतात ती आपली गोकर्ण. तिचेही फूल निळे, पण ती शेंगावर्गीय आहे. हा लेख तिच्याविषयी नाही.

उज्जैनची थंडी : किती आणि कशी

आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४९० मीटर उंचीवर, माळव्याच्या पठारावर आहे. डिसेंबर-जानेवारीत दुपारी साधारण २५-२६ अंश आणि पहाटे ९-१० अंश तापमान असते. एवढ्या थंडीत निळी वेल मरत नाही, फक्त तिची वाढ थांबते.

धोका येतो तो शीतलहरीच्या काही रात्रींत. भारतीय हवामान विभागाच्या निकषानुसार मैदानी भागात किमान तापमान १० अंशांवर किंवा त्याखाली असून नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी घसरले, किंवा थेट ४ अंशांवर वा त्याखाली आले, की शीतलहर मानतात. माळव्यात हे बहुधा मावठ्यानंतर घडते. पश्चिमेकडून आलेले ढग एक-दोन दिवस रिमझिम पाडून निघून जातात, आकाश स्वच्छ होते, उत्तरेचे कोरडे वारे सुरू होतात आणि पुढच्या रात्री गारठतात. म्हणून मावठा ओसरला की बागेकडे लक्ष द्यावे. ढगाळ रात्र त्यामानाने उबदार असते. चांदण्या लखलखत असलेली, वारा पडलेली रात्र घातक असते.

यालाच इकडे 'पाला पडणे' म्हणतात आणि हरभरा-वाटाण्याचे शेतकरी त्याच रात्री शेताला हलके पाणी देतात, बांधावर धूर करतात. वर्तमानपत्रात किमान तापमान ३-४ अंश असले तरी बागेत पाला पडू शकतो. हवामान केंद्रातले तापमापक जमिनीपासून सुमारे चार फूट उंचीवर, पेटीच्या सावलीत असतात. निरभ्र रात्री उघडी जमीन आणि पाने आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहतात आणि भोवतालच्या हवेहून काही अंशांनी जास्त थंड होतात.

एकाच शहरात फरकही असतो. गोपाळ मंदिराच्या आसपासच्या दाट वस्तीत भिंती दिवसभराची ऊब रात्री परत देतात. शहराच्या कडेच्या उघड्या वसाहतींत, शेताला लागून असलेल्या घरांत थंडी जास्त बोचते. जुन्या शहरातली वेल हिरवी आणि आपली काळी, असे दिसले तर त्यात आपली चूक असेलच असे नाही.

थंडीत वेलीच्या आत काय होते

या वेली उष्ण प्रदेशातल्या आहेत. तापमान १०-१२ अंशांच्या खाली गेले की मुळांची पाणी ओढण्याची गती मंदावते. सकाळी ऊन पडते, पाने पाणी सोडू लागतात, खालून पुरवठा होत नाही. त्यामुळे माती ओली असूनही पाने माना टाकतात. पुष्कळ जण हे पाहून आणखी पाणी घालतात आणि तिथेच वेलीचे नुकसान होते. आपली काळी माती पाणी धरून ठेवते. गार आणि सतत ओल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. आमच्या पाहण्यात उज्जैनमध्ये जितक्या निळ्या वेली हिवाळ्यात खरोखर मेल्या, त्यांतल्या बहुतेक पाण्याने मेल्या आहेत, थंडीने नव्हे.

पाला पडला की पानांच्या पेशींत बर्फाचे कण तयार होतात, पेशी फाटतात आणि ऊन लागताच पाने काळी पडतात. कोवळ्या फाट्यांत पाणी जास्त असते, म्हणून ते आधी जातात. जून, लाकडी झालेले खोड पुष्कळ वेळा वाचते. जमिनीखाली चार-सहा इंचांवर आपल्याकडे गोठण्याइतकी थंडी जात नाही. वेलीची शिल्लक तिथे, मुळांत असते. रताळ्याचा कंद ज्या कामाचा असतो, त्याच कामाची ही मुळे, फक्त तितकी फुगत नाहीत.

थंडीचा एक सुखद परिणामही आहे. उन्हाळ्यात दहापर्यंत मिटणारी फुले नोव्हेंबर-डिसेंबरात दुपार उलटेपर्यंत उमललेली राहतात, कारण गार हवेत ती उशिरा कोमेजतात.

दसरा ते गुढीपाडवा : काय केव्हा करावे

तारखांपेक्षा सण लक्षात राहतात, म्हणून वेळापत्रक त्याप्रमाणे दिले आहे.

दसरा (ऑक्टोबर). नत्रयुक्त खते बंद करावीत : युरिया, कोंबडखत, ताजे शेणखत, सगळे. नत्राने कोवळी पालवी फुटते आणि तीच पहिल्या गारठ्यात जाते. नत्र जास्त झाले तर फुलेही कमी येतात. याच महिन्यात फाटे लावून ठेवावेत. पद्धत पुढे दिली आहे.

दिवाळी. वेलीची छाटणी या वेळी करू नये. घर झाडताना बागही झाडावी अशी इच्छा होते आणि वाढलेली वेल कापली जाते. कापल्यावर नवी फूट येते आणि ती थंडीत सापडते. फार तर अंगणात लोंबणारे चार फाटे काढावेत.

वैकुंठ चतुर्दशी (नोव्हेंबर). महाकालाची पालखी मध्यरात्री गोपाळ मंदिरात येते, हरिहर भेट होते. त्या रात्री अंगावर शाल लागू लागली की बुडाशी आच्छादन घालायची वेळ झाली असे आम्ही समजतो. आपल्या भागात या दिवसांत सोयाबीनचा भुसा सहज मिळतो. तो, किंवा वाळलेली पाने, बुडाभोवती दोन-अडीच फुटांच्या घेरात तीन-चार इंच जाड पसरावीत. खोडाला भुसा टेकू देऊ नये, दोन इंच जागा मोकळी सोडावी, नाहीतर बूड सडते. वाळवीचा त्रास असलेल्या अंगणात भुशाखाली दोन मुठी निंबोळी पेंड टाकावी.

डिसेंबर. जमिनीतल्या वेलीला बारा-पंधरा दिवसांतून एकदा पाणी पुरे. तेही सकाळी नऊ-दहानंतर, ऊन आल्यावर. संध्याकाळी पाणी देऊ नये. पाणी देण्यापूर्वी बोट दोन इंच मातीत घालून पाहावे, ओल लागली तर थांबावे.

शीतलहरीचा इशारा आल्यावर. तीन कामे करावीत. पहिले, माती अगदी कोरडी असेल तर आदल्या दुपारी हलके पाणी द्यावे. कोरड्या मातीपेक्षा ओलसर माती दिवसाची ऊब जास्त साठवते. वर सांगितलेल्या पाण्याच्या पथ्याशी याचा विरोध नाही : हे पाणी थोडे, दुपारी आणि फक्त कोरड्या मातीला द्यायचे आहे. दुसरे, सूर्यास्ताच्या सुमारास वेलीचा खालचा तीन-चार फुटांचा भाग जुन्या सुती चादरीने किंवा गोणपाटाने झाकावा आणि झाकण जमिनीपर्यंत पोचवावे, म्हणजे मातीची ऊब आत राहते. सगळी वेल झाकायचा खटाटोप नको, बूड आणि जून खोड वाचले की पुरे. प्लॅस्टिक पानांना टेकले तर टेकलेल्या ठिकाणी पाने जळतात, म्हणून ते टाळावे. तिसरे, सकाळी ऊन आले की झाकण काढावे.

संक्रांत ते महाशिवरात्र. काळी पाने, वाळलेले फाटे तसेच राहू द्यावेत. दिसायला वाईट दिसते हे खरे आहे. घरी तिळगुळाला येणारी माणसे विचारतात, म्हणूनच वेली या महिन्यात सर्वाधिक उपटल्या जातात. पण तो वाळलेला पसारा खालच्या खोडावर पांघरुणाचे काम करतो. वसंत पंचमीनंतर दिवस उबदार वाटू लागतात, तरी फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात थंडी परत फिरते. घाई करू नये.

महाशिवरात्रीनंतर. आता छाटणी करावी. वाळलेला भाग काढावा, जून खोड जमिनीपासून एक ते दीड फुटावर, जिवंत डोळ्याच्या थोडे वर कापावे. ज्या वर्षी पाला पडला नाही आणि वेल हिरवीच राहिली, त्या वर्षीही तिसरा हिस्सा तरी कमी करावा. न छाटलेल्या वेलीला वर पानांचा भारा आणि खाली नुसत्या काड्या राहतात.

गुढीपाडवा (मार्च-एप्रिल). आच्छादनाखालची माती खुरप्याने हलकी करावी, दोन घमेली कुजलेले शेणखत द्यावे, पाणी हळूहळू वाढवावे. काळ्या मातीत थोडी वाळू आणि विटांचा चुरा मिसळला तर पुढच्या हिवाळ्यात पाणी साचत नाही.

लाल मॉर्निंग ग्लोरी आणि जॅकमाँशिया यांना ऐन थंडीत फुले येतात, म्हणून त्यांना सुरुवातीपासूनच दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीशी लावावे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, ती भिंत सर्वांत जास्त तापते. त्यांची छाटणी बहर संपल्यावर, मार्चमध्ये करावी.

कुंडीतील वेल

कुंडीतल्या मुळांना जमिनीचे संरक्षण नसते, चारही बाजूंनी थंडी लागते. म्हणून कुंडी १४ इंचांपेक्षा लहान नको. नुसती काळी माती भरू नये. एक भाग माती, एक भाग वाळू, एक भाग कुजलेले शेणखत असे मिश्रण चालते. डिसेंबरात कुंड्या भिंतीशी आणून एकमेकींना लागून ठेवाव्यात, खाली दोन विटा द्याव्यात, बाहेरून गोणपाट गुंडाळावे. खालच्या बशीत पाणी साचू देऊ नये. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी बाल्कनीचा उन्हाचा कोपरा निवडावा. घरात आत आणलेल्या वेलीवर पिठ्या ढेकूण आणि मावा लवकर येतो. पानांची खालची बाजू आठवड्यातून एकदा पाहावी. किडी दिसल्या तर लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर निंबोळी तेल आणि साबणाचे दोन-चार थेंब टाकून फवारावे.

फाटे लावून ठेवणे

निळ्या वेलीपासून बी मिळत नाही, त्यामुळे ती हरवली तर बाजारातून पाकीट आणून परत लावता येत नाही. प्रत्येक निळी वेल कुणाच्या तरी जुन्या वेलीचा तुकडा असते. दसऱ्याच्या सुमारास चार फाटे लावून ठेवले की हिवाळा कसाही गेला तरी चिंता नाही.

फार कोवळा नाही आणि लाकडी झालेलाही नाही असा फाटा घ्यावा. सहा-सात इंच लांब, तीन पेरे असलेला तुकडा पेराच्या थोडा खाली कापावा. वरची दोन पाने ठेवून बाकी काढावीत. दोन पेरे मातीत जातील असा वाळू आणि शेणखताच्या मिश्रणात लावावा. सावलीत ठेवून माती ओलसर ठेवावी. दोन-तीन आठवड्यांत मुळे धरतात. हिवाळाभर कुंडी खिडकीशी ठेवावी आणि मार्चमध्ये जागेवर लावावी.

लाल मॉर्निंग ग्लोरीचे फाटे सहज धरत नाहीत. तिच्यासाठी दाब कलम बरे. पावसाळ्यात एक लांब फाटा वाकवून, सालीला हलकी खाच देऊन मातीत दाबावा, वर दगड ठेवावा. मुळे धरल्यावर मूळ वेलीपासून कापून वेगळा करावा.

मेली की झोपली आहे

मार्च उजाडला तरी हालचाल दिसत नसेल तर जून खोडावर नखाने हलके ओरखडावे. सालीखाली हिरवे, ओलसर दिसले तर तो भाग जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडे लागले तर एक वीत खाली येऊन पुन्हा पाहावे. असे करत बुडापर्यंत जावे. बूडही कोरडे असेल तर बाजूची माती बोटाने उकरून एक मूळ पाहावे. घट्ट आणि आतून पांढरे मूळ म्हणजे वेल आहे. मऊ, काळे, वास येणारे मूळ म्हणजे ती कुजली. पाडव्यानंतरही दोन आठवडे कोंब आला नाही आणि मुळेही गेली असतील, तर वेल काढावी.

जपायच्या गोष्टी

या कुळातील कित्येक वेलींच्या बिया विषारी आहेत. काळादाणा तीव्र रेचक आहे. समुद्रशोक आणि 'हेवनली ब्लू'च्या बियांत मेंदूवर परिणाम करणारी द्रव्ये असतात. नातवंडे खेळायला येत असतील तर बोंडे वेळीच काढून टाकावीत आणि घरगुती औषध म्हणून या बिया कुणालाही देऊ नयेत.

दुसरी गोष्ट पसरण्याची. निळी वेल आणि गारवेल दोन्ही मूळच्या इथल्या नाहीत आणि त्यांचा तोडलेला फाटा ओल्या मातीवर पडला तरी रुजतो. छाटलेला भारा नाल्यात, मोकळ्या प्लॉटवर किंवा क्षिप्रेच्या काठी टाकू नये. तळ्यांच्या काठी बेशरमीने काय केले आहे ते आपण पाहतोच, तीही आयपोमियाच. फाटे गच्चीवर कडक उन्हात पूर्ण वाळवून मगच खतात घालावेत. वेल आंब्यावर, पारिजातकावर किंवा विजेच्या तारांवर चढू देऊ नये.

बाहेरगावी राहणाऱ्यांसाठी

मुलाबाळांकडे फाटे नेणारे पुष्कळ आहेत, म्हणून थोडक्यात. मुंबईत आणि कोकणात वेल हिवाळाभर हिरवी राहते, फक्त छाटणी करावी. पुण्याचा हिवाळा आपल्यासारखाच, वरचे वेळापत्रक तिथे चालेल. ग्वाल्हेर आणि दिल्लीकडे थंडी जास्त दिवस टिकते, धुक्यामुळे ऊनही मिळत नाही. तिथे आच्छादन दुप्पट जाड करावे आणि छाटणी होळीनंतर करावी. अमेरिकेच्या ईशान्य भागात, न्यू जर्सीकडे, जमीनच गोठते. तिथे बाहेरची वेल जगत नाही, कुंडी घरात आणावी लागते. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर ती बाहेर राहू शकते. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिकेत निळ्या वेलीची गणना उपद्रवी तणांत होते. तिथे ती लावू नये. परदेशात फाटे सामानातून नेण्यावर कडक निर्बंध असतात, म्हणून ज्या देशात चालते तिथल्या नर्सरीतूनच रोप घ्यावे.

सुरुवातीला ज्यांचा उल्लेख केला त्या काकू आता नाहीत. त्यांचे घर पाडून तिथे चार मजली इमारत झाली, भिंतीबरोबर वेलही गेली. त्यांची लेक गेल्या दिवाळीत उज्जैनला आली तेव्हा आमच्या फाटकावर हात ठेवून पुष्कळ वेळ उभी होती. जाताना दोन फाटे ओल्या कापडात गुंडाळून पुण्याला घेऊन गेली. दोन्ही धरल्याचे तिने कळवले आहे.

ज्यांच्याकडे निळी वेल आहे त्यांनी दसऱ्याला दोन फाटे जास्तीचे लावावेत आणि समाजाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमाला घेऊन यावेत. ज्यांची वेल गेली असेल त्यांना ते देता येतील. आमच्याकडून सहा कुंड्या असतील.